डावीकडची खुर्ची

संगणकावरची परीक्षा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, आणि दुसऱ्या रांगेतल्या मुलानं मान डावीकडे वळवली. झालं ते एवढंच. त्यानं कुणाच्या पडद्यात डोकावून पाहिलं नाही की कुणाला खूण केली नाही. कॉपी करणाऱ्याची मान कशी वळते ते बाईंना इतक्या वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. ती आधी छताकडे जाते, मग घड्याळाकडे, आणि मग अगदी साळसूदपणे जिकडे जायचं तिकडे. ही मान तशी वळली नाही. ही सरळ वळली, हक्कानं वळली, आणि जिकडे वळली तिकडे कुणीच नव्हतं. डावीकडची खुर्ची रिकामी होती. मुलाची बोटं कळफलकावर टेकलेली, तोंड किंचित उघडं, कुणी काही सांगेल आणि आपण लगेच कामाला लागू, अशा बेतानं तो क्षणभर थांबला. मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं मान पुन्हा समोर आणली आणि पडद्याकडे नुसता बघत राहिला. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं, जणू मान त्यांचीच वळली होती आणि कुणीतरी त्यांना पकडलं होतं.

त्या मुलाला वर्गात टकटक म्हणत, कारण तो टाइप करायला लागला की शेजारच्या खोलीत सुतारकाम निघालंय असं वाटे. आणि त्या खुर्चीवर जी बसायची तिला म्हणत रेडिओ. जोडी बाईंनीच लावलेली. जोडीनं प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे मशीन एक आणि माणसं दोन. एकानं कळफलक सांभाळायचा, दुसऱ्यानं शेजारी बसून पुढचं बघायचं, कुठं चुकतंय ते सांगायचं, आणि अधूनमधून जागा बदलायच्या. सत्रभर चाललेल्या या जोडीकामाचे गुण मागच्या आठवड्यात लागले होते. टकटकला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले आणि रेडिओ नापास झाली. जोडीकामात जो नापास, त्याला आजच्या एकट्यानं द्यायच्या परीक्षेला बसता येत नाही, असा नियम. म्हणून ती खुर्ची रिकामी. दुपारी निकाल समितीची बैठक होती. तिथं एकदा सह्या झाल्या की मुलीचं वर्ष गेलं, मग कुणाच्याच हातात काही उरणार नव्हतं.

नियम बाईंचा नव्हता, पण मुलीला नापास करणारं मोजमाप बाईंचं होतं. त्याचं नाव सहभाग निर्देशांक. दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून त्यांनी ते तयार केलं होतं. जोडीत एक राबतो आणि दुसरा आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो, ही सगळ्या प्राध्यापकांची जुनी रड. बाईंनी तिच्यावर औषध काढलं. कोणत्या विद्यार्थ्याच्या लॉगिननं किती ओळी लिहिल्या गेल्या, किती दुरुस्त झाल्या, कोण किती वेळा फाईल जतन करतो, कोण ऑनलाइन प्रश्नफळ्यावर काय लिहितो, हे सगळं मशीन मुकाट्यानं टिपत राही आणि सत्राच्या शेवटी दोघांचे दोन हिरवे पट्टे काढून दाखवी. ना वशिला, ना रडारड. बाहेरच्या परिषदेत बाईंनी त्यावर भाषण दिलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. घरी आल्यावर नवरा म्हणाला होता, "बघ हं, उद्या मी भांडी किती घासतो त्याचाही पट्टा काढशील." दोघं पोट धरून हसली होती. आता ते हसू आठवलं आणि बाईंचे कान तापले. कारण त्यांना तेव्हाही माहीत होतं की काही चलाख जोड्यांनी या औषधाची मात्रा पहिल्याच महिन्यात ओळखलीय. एक जण रिकाम्या ओळी घालायचा, दुसरा त्या पुसायचा, आणि दोघांचेही पट्टे पावसाळ्यातल्या भाजीसारखे तरारून वर यायचे. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कानाडोळा केला होता. भाषणात ते पट्टे फार छान दिसत.

निकाल लागल्यावर मुलगी केबिनमध्ये आली होती. दाराशीच उभी राहिली, आत ये म्हटल्यावर आली, बस म्हटल्यावर बसली. म्हणाली, "मॅडम, टाइप तो करायचा. मी सांगत होते." बाईंनी चष्मा वर सरकवला होता. किती शांतपणे, किती समजूतदारपणे आपण बोललो होतो! "सांगत होतीस, बाळ, पण ते कुठं दिसत नाही ना." बाळ! तो शब्द आता दातांत अडकलेल्या तुसासारखा सलत होता. त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला होता. टकटकचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिचा नुसता दोरा. आपल्या छातीचा एक्स-रे माणूस जसा बघतो तशी ती बघत राहिली, कळत काही नाही पण खोटं कसं म्हणणार. "जागा का नाही बदलल्यात?" बाईंनी विचारलं होतं. ती म्हणाली, "माझा हात सावकाश चालतो मॅडम. घरी कॉम्प्युटर नाहीये. त्याचा वेळ जायचा. आणि लॉगिन बदलायला मशीन फार वेळ घेतं." तेही खरं होतं. ती मशीनं इतकी म्हातारी झाली होती की एकाचं लॉगिन बंद करून दुसऱ्याचं उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता आलं असतं. बाईंनीच तसा अर्ज कार्यालयात दोनदा दिला होता. तरी त्या म्हणाल्या होत्या, "नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितला होता की नाही?" आणि मुलगी म्हणाली होती, "हो मॅडम." मग उठून गेली. ती वाद घालत बसली नाही याचं बाईंना तेव्हा बरं वाटलं होतं. मुलगी सरळ आहे, असंसुद्धा मनात आलं होतं.

आणि आज एका मानेनं सगळं उलटंपालटं केलं. दुसऱ्या कुणाला ती वळलेली मान दिसली असती तर मुलाला उसण भरली म्हणून सोडून दिलं असतं. पण बाईंना ती मान ओळखीची होती, आणि तीच पंचाईत होती. बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात असा की शिडीवर उभ्या उभ्या, रेघ न आखता, वेलांटी एका झटक्यात ओढायचे. पण पुढं किती अक्षरं उरलीत आणि फळी किती उरलीय, याचा मेळ त्यांना कधी जमला नाही. तो मेळ आई घालायची. शिडीच्या पायथ्याशी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि खालून एकसारखी बोलत. "अहो, जरा आवरा, अजून तीन अक्षरं यायचीत." "आता सैल सोडा, जागा आहे." "त्या ळ ला पोट कमी द्या." येणारेजाणारे हसायचे. वडील वर बघून रंगवायचे आणि मधूनच मान खाली वळवायचे, की आई पुढचं सांगायची. पाटीच्या कोपऱ्यात नाव वडिलांचं. गिऱ्हाईक म्हणायचं, काय हात आहे मास्टरांचा! आईला त्याचं काही वाटत असेल असं बाईंना लहानपणी कधी वाटलंच नाही. तिला ते वाटत होतं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पाटीला डबा धरायला बाई गेल्या होत्या. वडिलांनी अर्धं नाव काढलं आणि मान खाली वळवली. अशीच, सरळ, हक्कानं. "बसतंय ना गं?" त्यांनी विचारलं. बाई खाली उभ्या होत्या, पण तो प्रश्न आईला होता, त्यांना नव्हता. त्या नुसतं "हो" म्हणाल्या. शेवटची अक्षरं फळीच्या कडेला दाटीवाटीनं बसली. दुकानदाराच्या ते लक्षातही आलं नाही, पण वडिलांनी त्यानंतर मोठी पाटी घेतली नाही. म्हणजे बोलणं हे काम असतं, कामातलं अर्धं काम असतं, हे जगात कुणाला माहीत असायला हवं होतं तर ते बाईंना. आणि जगात बोलणं सोडून बाकी सगळं मोजणारं यंत्र कुणी काढलं, तर तेही बाईंनीच.

परीक्षा संपली. मुलं खुर्च्या सरकवत, एकमेकांना उत्तरं विचारत बाहेर पडली. टकटक तसाच बसून होता. प्रश्न काही अवघड नव्हता, तिकीट खिडकीवरच्या रांगेत कुणाला आधी सोडायचं आणि मधूनच कुणी रांग सोडून गेलं तर काय करायचं, एवढाच. त्याच्या पडद्यावर सुरुवातीच्या काही ओळी होत्या आणि त्यांच्याखाली कर्सर लुकलुकत होता. बाई जवळ गेल्या. "काय झालं रे?" तो उभा राहिला. म्हणाला, "काही नाही मॅडम. जमलं नाही." बाईंनी विचारलं, "जोडीकामात तर इतकं छान केलंस." मुलानं खाली बघितलं. त्याचे मोठे, जलद हात आता पँटच्या खिशापाशी काय करावं ते न कळून लोंबत होते. "ते ती सांगायची," तो म्हणाला. "म्हणजे, आधी हे कर, मग ते कर, असं. मी लिहायचो. माझा स्पीड आहे ना." बाईंचा आवाज एकदम चढला, "मग हे आधी सांगता आलं नाही तुला? तिचं वर्ष चाललंय!" मुलगा दचकला. त्याचं तोंड लालभडक झालं. तो म्हणाला, "मला वाटलं, मशीनला माहिती असेल. तुम्हीच म्हणालात ना, मशीन सगळं मोजतं. तिला इतके कमी पडले तेव्हा मला वाटलं, मग माझंच डोकं चाललं असेल जास्त. मी खूशही झालो, मॅडम." आणि तो रडायच्या बेताला आला. बाईंना त्याला रागवायचं होतं, फार रागवायचं होतं, कारण तोवर तरी राग दुसऱ्यावर काढता आला असता. पण त्यानं तर विश्वास ठेवला होता. तोही बाईंवरच.

तो गेल्यावर त्या त्याच्याच खुर्चीत बसल्या, आणि तिथं बसल्या बसल्याच त्यांना लिफ्ट आठवली. आठवली म्हणजे काय, ती कधी विसरलेली नव्हतीच, नुसती झाकून ठेवलेली होती. सगळ्या जोड्यांना प्रोग्रॅम दिला होता तो इमारतीच्या लिफ्टचा. वेगवेगळ्या मजल्यांवरून एकदम बटणं दाबली गेली तर लिफ्टनं आधी कुठं जावं, कुणाला उचलावं. एके दिवशी बाई रांगांमधून फिरत होत्या, आणि ही मुलगी आपली सुरू होती, हळू, सलग, थांबायचं नाव नाही, "नको, आधी वरचा मजला बघ, आता ते खालचं लूपच्या बाहेर काढ, थांब, आणि लिफ्टमध्ये कुणीच नसेल तर? रिकामी लिफ्ट कुठं उभी राहणार? ते कुठंय आपल्याकडे?" नेमक्या त्याच क्षणी बाईंनी टेबलावर डस्टर आपटला होता. "अगं, हा रेडिओ बंद होतो की नाही? की बटण तुटलंय?" सगळा वर्ग खो खो हसला. मुलगीसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून. नाव त्या दिवशी पडलं. मुलांनी नाही ठेवलं ते, बाईंनी ठेवलं. वर्गात फळ्यावर सहकार्य असं मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि दोन माणसं बोलायला लागली की डस्टर आपटायचा! आणि याहून वाईट पुढंच होतं. सत्राच्या शेवटी तो प्रोग्रॅम तपासताना बाई एका ठिकाणी थबकल्या होत्या. रिकाम्या लिफ्टनं मधल्या मजल्यावर येऊन थांबायचं, असं त्यात लिहिलं होतं. वर्गात दुसऱ्या कुठल्याच जोडीला ते सुचलं नव्हतं. बाईंनी शेरा लिहिला होता, रिकाम्या लिफ्टचा विचार केला आहे, उत्तम. आणि तो शेरा टकटकच्या नावापुढे गेला होता, कारण ती ओळ त्याच्या लॉगिननं लिहिलेली होती. शेरा लिहिताना त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजलं होतं की नाही? कुजबुजलं होतं. लिफ्टमध्ये कुणीच नसेल तर? तो आवाज त्यांनी ओळखला होता, आणि ओळखून पुढच्या जोडीची फाईल उघडली होती. यंत्रानं बोलणं मोजलं नाही हे खरं, पण बाईंनी तर ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं माणसं का म्हणतात ते त्यांना या वयात, त्या फिरत्या खुर्चीत बसून कळलं.

मुलगी मामाकडे राहून शिकत होती. कार्यालयातून नंबर घेऊन बाईंनी फोन लावला, तो मामानंच उचलला. मामा एका गोदामावर पहारेकरी होता. कॉलेजातून फोन म्हटल्यावर त्याचा आवाज बसला. "मॅडम, नमस्कार, नमस्कार. आम्ही तिला खूप बोललो हो. तिची चूक झाली." बाई म्हणाल्या, "अहो, तिची काही..." पण घाबरलेल्या माणसाला थांबवणं कठीण. "लहानपणापासूनची खोड आहे मॅडम. तोंडाला कसली ती उसंत नाही. आई कामाला गेली की भिंतीशी बोलायची. वर्गात बडबड करायची ना? शेजारची पोर सांगत होती, मॅडमनी नावच ठेवलंय रेडिओ. मी म्हटलं, बघ, एवढ्या शिकलेल्या बाई बोलतात म्हणजे काहीतरी असेलच. तोंड आवर म्हटलं, त्यानंच वर्ष घालवलंस. पण आता सुधारलीय मॅडम. अगदी गप्प असते. घरातसुद्धा कामापुरतं बोलते." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू या कानाला ऐकवत नव्हतं ते त्या कानाला ऐकवलं असतं. "आहे का ती घरात?" "नाही, माझ्या साडूच्या दुकानात पाठवलीय बघायला. वर्ष गेलंच आहे, तर सोमवारपासून तिथंच बसवतो. इकडं ठेवून तरी काय करायचं? का हो मॅडम, काही होण्यासारखं आहे का?" "तिला दुकानात बसवू नका," बाई म्हणाल्या. "मी बघते." "तुमचे उपकार होतील," मामा म्हणाला, आणि ते तो इतकं मनापासून म्हणाला की बाईंनी फोन ठेवून दिला. तिची काहीच चूक नाही, तिला गप्प करू नका, हे वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. पुन्हा फोन लावून तेवढं सांगता आलं असतं. तो त्यांनी लावला नाही.

बैठकीआधी त्यांनी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून वाक्य म्हणून पाहिलं. माझी चूक झाली. फार सोपं वाक्य होतं, लहान मूलही म्हणेल. दोनदा म्हटलं, नीट जमलं. बैठकीची खोली गार होती. विभागप्रमुख सर आनंदात होते, ते नेहमीच आनंदात असत, त्यांच्यावर रागावणंसुद्धा कुणाला जमत नसे. "निकाल तर होतीलच हो," ते म्हणाले, "पण त्याआधी एक गोड बातमी. आपल्या मॅडमचा निर्देशांक पुढच्या वर्षीपासून सगळ्या विभागांत लावायचा विचार आहे. बाहेरून पाहुणे येणार आहेत बघायला. नाव मॅडमचं, पण मान आपल्या सगळ्यांचा." लोक कौतुकानं वळले. बाई उभ्या राहिल्या. टेबलाची कड हाताशी आली ती त्यांनी धरून ठेवली. "एका मुलीच्या बाबतीत चूक झाली आहे," त्या म्हणाल्या. आवाज चांगला निघाला. "तिला नापास करायला नको होतं. अर्ध्याहून जास्त काम तिचं आहे. जोडीदारानंही तसं सांगितलंय." खोलीत जराशी चुळबुळ झाली. परीक्षा विभागाच्या कारकुनानं मान वर केली. त्याला कसला संशय नव्हता, कसला रागही नव्हता. त्याला फक्त इतिवृत्तात लिहायचं होतं. पेन उचलून त्यानं विचारलं, "चूक कुणाची म्हणून लिहू, मॅडम?" आता सगळे बघत होते. सर बघत होते, गोड बातमी अजून त्यांच्या तोंडावर तशीच होती. आरशात म्हटलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. आणि त्या म्हणाल्या, "यंत्राची." झालं! खोलीनं सुटकेचा श्वास सोडला. "हात्तिच्या," सर हसले, "यंत्रच ते, चुकायचंच. मुलीला वेगळी परीक्षा द्या, गुण दुरुस्त करा. मॅडमनी स्वतः होऊन दाखवून दिलं हे किती चांगलं, नाही का? याला म्हणतात शिक्षक." कारकुनानं लिहून टाकलं. मग निर्देशांक मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, आणि आपलेही हात टाळ्या वाजवताहेत हे बाईंच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

मुलगी आली ती शनिवारी. प्रयोगशाळेत दोघीच. बाईंनी खिडक्या उघडल्या, तिच्यासाठी त्यातल्या त्यात बरं मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं. मुलीचे तेल लावून घट्ट विंचरलेले केस, हातात पेन, जे लागणारही नव्हतं. "मामा सांगत होते," ती म्हणाली, "यंत्राचं काहीतरी चुकलं होतं म्हणून." बाई म्हणाल्या, "हं." तिनं विचारलं, "सुरू करू?" बाई म्हणाल्या, "कर. घाई नाही. आणि हे बघ, तुला बोलत बोलत करायची सवय आहे ना, तर खुशाल बोल. इथं दुसरं कुणी नाहीये." हे वाक्य त्यांनी दोन दिवस जपून आणलं होतं. मुलगी म्हणाली, "नको मॅडम," आणि पडद्याकडे वळली.

तिचा हात खरंच सावकाश चालत होता. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. बाई मागं उभ्या राहिल्या आणि वाट पाहत राहिल्या. कशाची, ते त्यांना चांगलंच माहीत होतं. आत्ता म्हणेल, थांब, आणि रांगेत कुणीच नसेल तर? आत्ता म्हणेल. मुलीचे ओठ एकदा हलले, बाईंनी ते पाहिलं, आणि तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. पुन्हा बोटं चालू. पडद्यावर ओळी एकाखाली एक येत होत्या, कुठंही खोडाखोड नाही, रिकामी रांग होती, मधूनच निघून जाणारा माणूस होता, दोघं एकाच वेळी आले तर काय तेही होतं. बाईंना स्वतःलासुद्धा ते सुचलं नव्हतं. इतकं सगळं त्या डोक्यात घडत होतं आणि खोलीत मशीनच्या पंख्याशिवाय आवाज नव्हता. शेवटी तिनं प्रोग्रॅम चालवला. पहिल्याच फटक्यात चालला. तिच्या तोंडावर आनंद दिसला नाही, नुसतं काम उरकल्यासारखं दिसलं.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "फार उत्तम केलंस." ती उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? पुढच्या सत्रातही जोडीकाम आहे ना?" बाई उत्साहानं म्हणाल्या, "आहे तर. तुला हवा तो जोडीदार घे. आणि आता मी स्वतः..." मुलगी म्हणाली, "मला एकटीला बसवाल का? जोडीचे गुण मिळाले नाहीत तरी चालेल. बाकीच्यांत काढीन भरून." बाईंना वाटलं, आपण काहीतरी म्हटलं पाहिजे. म्हणाल्या, "अगं, पण असं का? आता ते पुन्हा नाही होणार. यंत्र..." आणि तो शब्द तोंडातून निघता निघता त्यांना इतकी शिसारी आली की त्यांनी मधेच टेबलाला हात टेकला. "यंत्राची चूक नव्हती ती," त्या म्हणाल्या. "माझी होती. मी ऐकलं होतं तुला. लिफ्टचं. ते तू म्हणालीस तेव्हा मी तिथंच उभी होते."

मुलगी दचकली नाही. तिला रडूही आलं नाही. तिनं पेन पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन ओढली, आणि मग बाईंकडे अगदी साध्या नजरेनं पाहिलं, मोठ्या माणसाला काही समजावून सांगायचं असतं तसं.

"माहितीये मला, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडेच बघत होता तेव्हा. म्हणूनच म्हणते, एकटीला बसवा."

बाई "बरं" म्हणाल्या. मुलगी "येते" म्हणून निघून गेली, आणि ती जिना उतरून पार खाली गेली असेल इतका वेळ झाला तरी बाईंना मान वर करता आली नाही.